‘विदर्भाचं वाळवंट होणार’वाला मेसेज आला की काय करायचं

एप्रिल लागला की गावच्या ग्रुपवर दोन जातीचे मेसेज सुरू होतात. एकात लालभडक नकाशा आणि खाली लिहिलेलं की विदर्भाचं वाळवंट होणार, २०३० नंतर माणूस दुपारी घराबाहेर पडूच शकणार नाही, दहा जणांना पाठवा. दुसऱ्यात लिहिलेलं की हे ग्लोबल वॉर्मिंग वगैरे सगळं फॉरेनवाल्यांचं नाटक आहे, उन्हाळा काय आजच तापून राहिला का, आपल्या आज्याच्या काळातही तापायचा. पहिला मेसेज शिकणारी पोरं टाकतात, दुसरा मोठी माणसं, मग दोन दिवस ग्रुपमध्ये धिंगाणा, मग कोणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकतो आणि विषय संपला.

माझं म्हणणं असं की दोन्ही मेसेजना सारखेच प्रश्न विचारायचे. आणि शंका घेणाऱ्याला लगेच अडाणी म्हणायचं नाही, कारण चुकलेल्या अंदाजाची किंमत खिशातून भरलेला माणूस कास्तकारच असतो, त्याची शंका काही हवेतून आलेली नाही. फक्त शंका कशावर घ्यायची हे कळलं पाहिजे. पुढे काय होईल यावर खुशाल घ्या. जे मोजून झालं आहे त्यावर घ्यायची असेल तर आधी ते मोजलं कुठे, कसं, हे बघा. बाकी खाली सगळं त्याचंच आहे.

आधी लोकांचा विश्वास कुठे उडाला ते समजून घ्या

आपल्याकडे भविष्य सांगणाऱ्यांची कमी कधीच नव्हती. अक्षय तृतीयेला बुलडाणा जिल्ह्यात भेंडवळला घटमांडणी होते, वावरात घट मांडून भोवती अठरा प्रकारचं धान्य ठेवतात, रात्रभर तिकडे कोणी जात नाही आणि सकाळी बघून पाऊस कसा, पीक कसं ते सांगतात, पेपरात दरवर्षी बातमी. मग नक्षत्रं आणि त्यांची वाहनं, मिरगाचं वाहन गाढव की हत्ती की बेडूक त्यावरून पाणी किती. मग आता यूट्यूबवरचे अंदाजवाले. आणि सरकारी हवामान खातं, जे १८७५ पासून आहे. गावातल्या माणसासाठी हे सगळे एकाच रांगेत बसलेले, आणि यातला कोण कधी चुकला ते त्याला पाठ असतं.

हवामान खातं चुकलं नाही असं पण नाही. २००२ ला खात्यानं सांगितलं पाऊस सरासरीच्या १०१ टक्के, पडला ८१ टक्के, जुलै तर अर्धा कोरडाच गेला. २००९ ला एप्रिलमध्ये सांगितलं ९६ टक्के, पडला ७८ टक्के, देशभर दुष्काळ. ज्यानं त्या वर्षी उधारीत बियाणं आणून पेरलं त्याला तुम्ही जाऊन सांगाल की २१०० साली समुद्र इतका वाढेल, तर तो म्हणेल बावा तुमाले यंदाचं सांगता नाही आलं. बरोबरच आहे त्याचं म्हणणं. त्याला उत्तर आहे, पण ते ओरडून देता येत नाही.

२०२३ चं उदाहरण याहून भारी आहे. अंदाज ९६ टक्के, पडला ९४, म्हणजे कागदावर अंदाज बरोबर. पण त्याच वर्षीचा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. सोयाबीन ऐन फुलोऱ्यात-शेंगात असताना पाणी गायब. आता ज्याची शेंग भरलीच नाही त्याला ९४ टक्के सांगून काय उपयोग? अंदाज देशाचा होता आणि चार महिन्यांचा होता, नुकसान एका वावराचं आणि एका महिन्याचं. अंदाजाबद्दलची अर्धी भांडणं इथेच होतात.

अंदाज कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

मेसेज आला की पहिला प्रश्न हाच. किती दिवसांचा अंदाज आहे?

दोन ते पाच दिवसांचा असेल तर तो कामाचा आहे, फवारणी करू की नको, कापूस वेचून कोठ्यात टाकू की उद्या वेचू, हे त्यावर ठरवता येतं. विदर्भासाठी तो नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्रातून निघतो, मोबाइलवर मेघदूत आणि मौसम ॲपवर दिसतो, विजेसाठी दामिनी ॲप आहे, ते तर वावरात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असावं. पण तो वाचायचा कसा हे कोणी सांगत नाही. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ याचा अर्थ त्या भागातल्या शंभर ठिकाणांपैकी पंचवीस किंवा त्याहून कमी ठिकाणी पाऊस. म्हणजे तुमच्याकडे न येण्याचीच शक्यता जास्त, आणि तरी आला नाही म्हणून आपण शिव्या देतो. ‘काही ठिकाणी’ म्हणजे पन्नासपर्यंत, त्याच्या वर गेलं की ‘बऱ्याच ठिकाणी’. ऑरेंज अलर्ट म्हणजे तयारीत रहा, रेड म्हणजे हालचाल करा, त्याचा अर्थ प्रलय पक्का असा नाही. आणि टीव्हीवाला जेव्हा ‘अतिवृष्टी’ म्हणतो तेव्हा आकडा विचारा, खात्याच्या भाषेत चोवीस तासात ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला तर जोरदार, ११५.६ च्या वर अतिजोरदार, २०४.४ च्या वर गेला की अतितीव्र.

हंगामाचा अंदाज वेगळा. एप्रिलच्या मध्यात येतो, मे अखेर सुधारून येतो. शंभर टक्के म्हणजे १९७१ ते २०२० ची देशाची सरासरी, जून ते सप्टेंबर साधारण ८७ सेंटिमीटर. ९६ ते १०४ ला ‘सर्वसाधारण’ म्हणतात. आता एकट्या विदर्भातच बुलडाण्याच्या मानानं गडचिरोलीत जवळपास दुप्पट पाणी पडतो, मग देशाच्या टक्क्यावर तुमच्या वावराचा हिशेब कसा बसेल? त्यामुळे या अंदाजावर पेरणीची तारीख ठरवू नका. २०२५ ला मान्सून २४ मे ला केरळात आला, २६ मे ला मुंबईत, पेपरात ‘विक्रमी लवकर’ असे मोठे मथळे, आणि मग तो दोन आठवडे एकाच जागी अडून बसला. आपल्याकडे मे मध्येच पाणी पाहून ज्यांनी घाईत टोबणी केली त्यांच्यावर पुन्हा सरकी आणायची पाळी. कृषी विद्यापीठवाले वर्षानुवर्षं सांगून राहिले की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून जमीन ओली झाल्याशिवाय पेरू नका, तो नियम कोणत्याही अंदाजापेक्षा भरवशाचा आहे, कारण त्यात भविष्य नाहीच, झालेला पाऊस मोजायचा आहे.

तिसरी जात म्हणजे तीस-पन्नास-ऐंशी वर्षांचे अंदाज. इथे लोक म्हणतात पाच दिवसांचं सांगता येत नाही तर पन्नास वर्षांचं काय सांगतात. ऐकायला पटतं. पण पुढच्या वर्षी १२ मे ला यवतमाळात किती तापेल हे कोणी नाही सांगू शकत, आणि मे महिना डिसेंबरपेक्षा जास्त तापेल हे शाळेतलं पोरगं सांगतं. एका दिवसाचं हवामान वेगळी गोष्ट, तीस वर्षांची सरासरी वेगळी.

आणि हे जुने लांबचे अंदाज आता तपासता येतात, कारण त्यांची मुदत संपली आहे. १९७० ते २००७ या काळात शास्त्रज्ञांनी केलेले तापमानवाढीचे १७ अंदाज काही संशोधकांनी नंतर प्रत्यक्ष मोजमापाशी ताडून पाहिले, त्यातले १० जुळले, आणि लोकांनी धूर किती सोडला याचा फरक धरला तर १४ जुळले. सगळे नाही जुळले, काही जास्त गरम सांगून बसले होते. १९८८ ला अमेरिकेत जेम्स हॅन्सननं तीन शक्यता मांडल्या होत्या, त्यातली सगळ्यात भडक होती ती प्रत्यक्षात आली नाही, मधली बरीच जवळ गेली पण ती पण थोडी जास्तच. म्हणजे ‘सगळे अंदाज खोटे निघाले’ हे वाक्य पण तपासायला गेलं की टिकत नाही. भडक मथळे खोटे निघाले हे टिकतं.

आकडा कुठे मोजला ते विचारा

हे सगळ्यात मजेदार काम आहे आणि आपल्याच नागपूरचं उदाहरण आहे. ३० मे २०२४, नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर तापमान दिसलं ५६ अंश. तासाभरात प्रत्येक ग्रुपवर, नागपूर जगात सगळ्यात गरम, पुढच्या वर्षी साठ होणार. हवामान खात्यानं मग सांगितलं की सेन्सर बिघडला होता, त्याच दिवशी शहरातल्या इतर काही केंद्रांवर ४४-४५ च्या आसपासच होतं. एक दिवस आधी दिल्लीच्या मुंगेशपूरचे ५२.९ पण असेच गाजले, तपासलं तर तिथला सेन्सर तीन अंश जास्त दाखवून राहिला होता.

इथे दोन्ही पार्ट्या घसरतात बघा. एक पार्टी म्हणते ५६ झाले, आता संपलं. दुसरी म्हणते पाहा, यांचे थर्मामीटरच खोटे, म्हणजे सगळी तापमानवाढच खोटी. अरे पण तो आकडा खोटा आहे हे सांगितलं कोणी? आजूबाजूच्या केंद्रांच्या आकड्यानीच ना. तपासणारे आहेत म्हणूनच तर पकडला गेला. नागपूरचा खरा विक्रम ४७.९ अंशांचा आहे, २३ मे २०१३ चा, आणि देशाचा ५१, राजस्थानात फलोदीला, १९ मे २०१६. हे दोन आकडे लक्षात ठेवले तरी अर्धे मेसेज तिथेच मरतात.

मग लाल नकाशा. उपग्रहाचे काही नकाशे हवेचं तापमान नाही दाखवत, जमिनीच्या पृष्ठभागाचं दाखवतात. एप्रिल २०२२ मध्ये असाच एक नकाशा फिरला, भारतात ६० अंश म्हणून. आकडा खोटा नव्हता, पण तो हवेचा नाही, उघड्या जमिनीचा होता. मे मध्ये दुपारी वावरात चप्पल तुटली तर पायाला कळतं जमीन किती तापते. हवेचं तापमान सावलीत, जमिनीपासून सव्वा मीटरच्या वर, हवा खेळेल अशा पांढऱ्या पेटीत मोजतात, त्यामुळे मोटरसायकलवर उन्हात लावलेला थर्मामीटर, गाडीच्या डॅशबोर्डवरचा आकडा आणि ‘फील्स लाइक ४९’ हे तिन्ही त्या हिशेबात येत नाहीत. फोनच्या आत काही थर्मामीटर बसवलेला नसतो, ॲपवर दिसतो तो आकडा कम्प्युटरनं आजूबाजूवरून काढलेला असतो. आमच्याकडे एकानं उन्हात टांगलेल्या थर्मामीटरचा फोटो ‘आपल्या गावात ५४’ म्हणून टाकला होता, फोटोत मागे तापलेला टिनाचा पत्रा साफ दिसून राहिला होता, तरी तो फोटो तीन तालुके फिरून दुसऱ्या गावाच्या नावानं परत आमच्याच ग्रुपवर आला.

जुलैत एक वेगळाच येतो, ॲफेलियनवाला. पृथ्वी सूर्यापासून लांब गेली, नेहमी ९ कोटी किलोमीटर असते आता १५ कोटी झाली, ऑगस्टपर्यंत भयंकर थंडी, सर्दी-खोकला होईल, काढा प्या. पृथ्वी सूर्यापासून सरासरी १५ कोटी किलोमीटरवरच असते, जुलैच्या सुरुवातीला १५.२ आणि जानेवारीच्या सुरुवातीला १४.७. म्हणजे आपण जवळ असतो तेव्हा हिवाळा आणि लांब असतो तेव्हा मिरग होऊन गेलेला. काढा प्यायला माझी काही हरकत नाही.

अट कापलेली आहे का बघा

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. लांबचा कोणताही शहाणा अंदाज ‘असं केलं तर असं होईल’ या रूपात असतो. मथळा करणारा पहिला अर्धा भाग कापून टाकतो. मग उरतं फक्त ‘असं होणार’.

२०१८ ला आयपीसीसी म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या गटानं एक अहवाल दिला, त्यात होतं की तापमानवाढ दीड अंशावर रोखायची असेल तर २०३० पर्यंत जगाचं कार्बन उत्सर्जन २०१० च्या मानानं ४५ टक्के कमी करावं लागेल. यातून मथळा काय निघाला? ‘जगाकडे फक्त १२ वर्षं उरली.’ तिथून आपल्या ग्रुपपर्यंत येईस्तोवर ‘२०३० ला पृथ्वी संपणार’. मूळ अहवालात असं कुठेच नाही. आता २०३० उजाडेल, पृथ्वी जागेवर असेल, आणि लोक म्हणतील पाहा शास्त्रज्ञ खोटे. ज्यानं अट कापली त्याचं नाव कोणाच्या लक्षातही नसेल.

खर्ऱ्याचंच घ्या, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाचं. डॉक्टर म्हणतो हा खर्रा नाही सोडला तर तोंड उघडणं बंद होईल. माणूस सोडतो, तोंड नीट राहतं, तर डॉक्टर खोटा ठरला का?

असं खरोखर झालेलं आहे. ओझोनच्या थराला भोक पडत होतं तेव्हा लय भीतीदायक बोललं गेलं, १९८७ ला मॉन्ट्रियल करार झाला, फ्रिजमधले आणि स्प्रेमधले ते वायू बंद करत आणले, थर हळूहळू भरून येऊन राहिला. आता लोक विचारतात त्या ओझोनचं काय झालं, उगाच घाबरवलं. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, २०१३ ला फायलिन आलं तेव्हा लाखो लोक आधीच हलवले आणि मेलेल्यांचा आकडा शंभरातही गेला नाही. तिथेही नंतर म्हणणारे भेटतातच, की एवढं काही झालं नाही.

पण याची दुसरी बाजू पण सांगतो नाहीतर तुम्ही म्हणाल हा शास्त्रज्ञांचा वकील. त्याच आयपीसीसीच्या २००७ च्या अहवालात लिहून गेले होते की हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होऊ शकतात. हा आकडा नीट तपासलेल्या संशोधनातून आलेलाच नव्हता. आक्षेप घेतला तो शास्त्रज्ञांनीच, आणि जानेवारी २०१० ला आयपीसीसीनं कबूल केलं की चूक झाली. हिमनद्या वितळून राहिल्या हे खरं, २०३५ खोटं. एका अहवालात खऱ्याच्या शेजारी खोटं बसलेलं असू शकतं, म्हणून मोठं नाव पाहून मान डोलवायची नाही.

मेसेजच्या शेवटी काही विकून राहिले का?

हे पटकन सांगतो. भीतीचा मेसेज वाचत खाली जा. खाली सोलर पंपाची जाहिरात, बोअरवेलवाल्याचा नंबर, ‘दुष्काळातही हमखास’ वाणाचं बियाणं, किंवा कार्बन क्रेडिटचा (झाडं राखल्याबद्दल पैसे देऊ म्हणणाऱ्या योजनेचा) फॉर्म असेल तर मेसेजचा उद्देश कळला. कार्बन क्रेडिटवाले आजकाल धुऱ्यावरच्या झाडांचे फोटो काढत फिरून राहिले, योजना खरी पण असू शकते, पण सातबारा, आधार आणि सही द्यायच्या आधी विचारा की करार किती वर्षांचा, झाड तोडलं तर काय, पैसे कोण देणार आणि कधी, आणि कागद मराठीत मागा. जो म्हणेल ‘आजच शेवटची तारीख’ त्याला चहा पाजून वाटेला लावा.

आणि हाच प्रश्न उलट्या मेसेजलाही. ‘ग्लोबल वॉर्मिंग खोटं’ म्हणण्यात कोणाचा फायदा नाही असं समजू नका, जगात कोळसा आणि तेल विकणाऱ्यांचा धंदा लहान नाही. चंद्रपूरच्या माणसाला हे सांगायची गरज नाही, पोटपाणी पण त्याच कोळशावर आणि धूळ पण त्याचीच.

‘खोटं आहे’वाला मेसेज तपासायचा तो असा

यात तीन-चार गोष्टी फिरून फिरून येतात.

‘सत्तरच्या दशकात हेच शास्त्रज्ञ म्हणत होते हिमयुग येणार.’ तेव्हा काही मासिकांनी तसं छापलं होतं हे खरं. पण १९६५ ते १९७९ चे शोधनिबंध नंतर मोजले गेले तर थंडी वाढेल म्हणणारे ७ आणि गरमी वाढेल म्हणणारे ४४ निघाले. पुन्हा मथळ्याचाच घोळ.

‘हे सगळं सूर्यामुळे.’ सूर्याची ताकद १९७८ पासून उपग्रह मोजून राहिले, या काळात ती काही वाढलेली नाही, तापमान मात्र वाढलं. आणि सूर्यानं तापवलं असतं तर खूप उंचावरच्या थरातली हवापण तापली असती, ती तर थंड होत चालली.

‘कार्बन डायऑक्साइड हवेत असतोच किती.’ थोडाच असतो, पण मोजलेला आहे. हवाई बेटांवर मौना लोआला १९५८ पासून मोजतात, तेव्हा दहा लाख भागात ३१५ होता, आता ४२० च्या वर. हा वायू उष्णता धरतो हे काही परवा शोधलेलं नाही, स्वीडनच्या आर्‍हेनियसनं १८९६ मध्येच त्याचा हिशेब मांडला होता. म्हणजे ज्या छप्पनच्या (१८९९-१९०० च्या) दुष्काळाच्या गोष्टी आपण आजीकडून ऐकल्या, त्याच्याही आधी.

आणि ‘यंदा मे मध्ये गोधडी घ्यावी लागली, कुठे गेलं वॉर्मिंग’. मे २०२५ मध्ये हे लय चाललं. तो मे १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात जास्त पावसाचा मे होता, थंडावा असणारच. पण एक थंड मे हा जितका पुरावा नाही तितकाच एक गरम मे पण पुरावा नाही. हे पोरांनी पण ऐकावं, दरवेळी ४६ झाले की ‘क्लायमेट चेंज’ असा स्टेटस ठेवतात त्यांनी.

मोजलेलं काय आहे ते ऐका. भारताचं सरासरी तापमान १९०१ ते २०१८ मध्ये साधारण ०.७ अंशांनी वाढलं, हे केंद्राच्या भूविज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालात आहे. ०.७ ऐकून कोणी घाबरणार नाही, म्हणूनच तो आकडा कधी व्हायरल होत नाही. आणि पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सोबतच्यांनी २०१७ ला दाखवलं की मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भागावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ मध्ये तिपटीनं वाढल्या. एकूण पावसाळा वाढला असं नाही, उलट त्या पट्ट्यात एकूण पाणी कमीच होत होतं. आहे तो पाणी एकदम येतो.

पानठेल्यावर बोलायचं कसं

आकडे खिशात ठेवा. मोठ्या माणसासमोर पहिलंच वाक्य ‘काकाजी तुम्हाला माहीत नाही’ असं गेलं की खेळ खलास. आधी विचारा, मग ऐका. आमच्याकडचं बोलणं साधारण असं जातं,

“अबे, बहात्तरचा दुष्काळ पाह्यला आमी. सुकडी खाऊन गिट्टी फोडली. तवा कोनता कार्बन होता रे?”

“खरं हाय मोठे बाबा. दुष्काळ तं तवाबी होताच. मी म्हन्तो, पाणी कसा यायचा तवा?”

“झडी लागे. आठ-आठ रोज झडी. वावरात पाय नाही घालता ये. कपडे वाळे नाही.”

“आन् आता?”

“आता काय! एक रोज असा येते का बांध फोडून नेते, आन् मंग पंधरा रोज तोंड नाही दाखवत.”

इथे थांबा. लगेच ‘पाहा, हेच तर क्लायमेट चेंज’ म्हणून टाळी मागू नका, माणूस चिडतो, त्याला वाटतं याने मला बोलण्यात अडकवलं. आणि खरं सांगू तर म्हाताऱ्याची आठवण हा पण पुरावा नाही, लहानपणची झडी सगळ्यांनाच लांब वाटते. आपल्या बाजूनं बोलला म्हणून आठवण खरी आणि विरुद्ध बोलला म्हणून खोटी असं चालत नाही. त्यापेक्षा म्हणा, चला मोजलेलं काढून पाहू. कृषी खात्याच्या महारेन वेबसाइटवर तालुक्याचा आणि महसूल मंडळाचा रोजचा पाऊस मिळतो. ज्या वर्षावर वाद आहे त्या वर्षाचा जुलै-ऑगस्ट काढा आणि कोरडे दिवस मोजा. खात्याच्या हिशेबात अडीच मिलिमीटर किंवा जास्त पडला तरच तो पावसाचा दिवस, शिंतोडे धरायचे नाहीत.

पोरासोबत बोलताना उलटं. तो घाबरलेला असतो, ‘शेती करून काय फायदा, सगळं जळणार आहे’ इथपर्यंत गेलेला. त्याला आकडे द्या, आणि काम द्या. तुरीवर धुई आली की काय करायचं, बोंडअळीसाठी फरदड (हंगाम संपल्यावरही राखलेला कापूस) कधी मोडायची, उन्हात काम किती वाजता बंद करायचं, हे २१०० चे प्रश्न नाहीत.

स्वतः मोजा

मंडळाचं केंद्र तुमच्या वावरापासून सात-आठ किलोमीटरवर असू शकतं, आणि तिकडे कोरडं तर इकडे नाला भरून असं नेहमीच होतं. पीकविम्याच्या वेळी पण हाच वाद. म्हणून एक पर्जन्यमापक घरी करा. दोन लिटरची थंड पेयाची बाटली घ्या, जिच्या अंगाला कमरेत खाच नाही अशी, सरळ. वरचा निमुळता भाग कापा आणि तोच उलटा करून नरसाळ्यासारखा तोंडात बसवा, म्हणजे उन्हानं पाणी उडत नाही. बाटलीचा बूड वाकडातिकडा असतो, तिथे बारीक गोटे टाका, सरळ भाग सुरू होईस्तोवर पाणी भरा, आणि त्या रेघेवर मार्करनं शून्य लिहा. शून्यापासून वर शाळेची पट्टी चिकटवा, पारदर्शक टेपनं. एक मिलिमीटर पट्टीवर चढलं म्हणजे एक मिलिमीटर पाऊस, बाटली जाड की बारीक यानं फरक पडत नाही, फक्त वरचं तोंड आणि अंग सारख्या मापाचं पाहिजे. असा एक मिलिमीटर एका एकरावर म्हणजे जवळपास चार हजार लिटर पाणी.

लावायची उघड्यावर. झाड किंवा घर जेवढं उंच त्याच्या दुप्पट लांब. जमिनीपासून हातभर वर, खांबाला बांधून, नाहीतर चिखलाचे शिंतोडे आत जातात, आणि बकऱ्यांपासून सांभाळा. वाचायची रोज सकाळी साडेआठला, कारण हवामान खातंपण तेव्हाच वाचतं, वेळ जुळली तरच तुलना करता येते. वाचून झालं की पाणी पुन्हा शून्याच्या रेघेपर्यंत आणून ठेवा, कोरड्या दिवसात रेघेच्या खाली गेलं तर भरून घ्या.

वहीत तीन खाने करा. तारीख, पडलेला पाऊस, आणि आदल्या दिवशी अंदाजात काय लिहिलं होतं ते जसंच्या तसं, ‘तुरळक’ असेल तर तुरळक. जो भीतीचा मेसेज तारखेसकट काही सांगतो, ‘या १५ ऑगस्टला विदर्भात महाप्रलय’ वगैरे, तो पण शेवटच्या पानावर उतरवून ठेवा, पाठवणाऱ्याच्या नावासकट. आणि शिवाराच्या दुसऱ्या टोकाला ज्याचं वावर आहे त्यालाही एक बाटली बांधून द्या, पोळ्याच्या दिवशी दोघांच्या वह्या शेजारी ठेवून पाहा, एकाच गावात दोघांचे आकडे किती वेगळे निघतात ते.